उन्हातले साहेब

कार्तिकातलं ऊन वाघोलीलाही येतं. आठव्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत ते सकाळी तिरकं उतरतं, कुंड्यांवरून सरकत फरशीवर येतं. खाली पाण्याचे टँकर मागे घेताना पिंपिं वाजत असतात, समोरच्या नव्या इमारतीची सिमेंटची धूळ उडत असते. तरी दिवाळी सरली की एक सकाळ मी मोकळी ठेवते. सतरंजी अंथरते, तिच्यावर काकांचं जुनं, धुऊन मऊ झालेलं धोतर पसरते आणि त्यावर एकेक साहेब मांडायला घेते.

साहेब म्हणजे विलायतेचे पुढारी. कुणी पंतप्रधान, कुणी मंत्री, कुणी नुसताच पार्लमेंटातला सभासद. बहुतेकांना जाऊन पन्नास-शंभर वर्षं झाली. कुणाच्या मिशा वळवलेल्या, कुणाच्या कोटाला फूल. प्रत्येकाच्या छातीवर किंवा पायाशी तिरकी सही. फोटोंच्या शेजारी त्यांची पत्रं, दोन-दोन ओळींची, पिवळी, घडीवर विरलेली. डब्याचं झाकण उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा, वाळलेल्या कडुलिंबाचा आणि जुन्या डिंकाचा मिळून एक वास येतो. त्या वासासरशी वाघोली पुसली जाते आणि मी शनिवार पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर असते. काका मागून सांगत असतात, “कडेनं धर. शाईला बोट लावू नकोस.”

माझ्या वडिलांची बँकेची नोकरी, दर तीन वर्षांनी गाव बदलायचं. म्हणून कॉलेजसाठी मला पुण्यात आजोबांकडे आणि काकांकडे ठेवलं. काका वडिलांचे थोरले भाऊ. पाटबंधारे खात्यात होते, लग्न केलं नव्हतं. आजी मी जन्मायच्या आधीच गेलेली. त्या दोन खोल्यांत दोन पुरुष आणि एक स्टोव्ह असा संसार होता. सकाळी खालच्या छापखान्यातलं यंत्र खटखट सुरू व्हायचं आणि आमच्या फळीवरची भांडी बारीक थरथरायची. नदीकडून वारा आला की ओल्या मातीचा वास यायचा. आजोबा पहाटे उठून टकळीवर सूत काढत बसायचे. चहा उकळायचा, सूत निघायचं, आणि बोलणं फारसं नसायचं.

काकांचा नाद कधी सुरू झाला, का सुरू झाला, ते मी विचारलं नाही. मी आले तेव्हा सात-आठ डबे भरलेले होते. गेलेल्या पुढाऱ्यांची पत्रं त्यांना कॅम्पातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराकडून मिळायची. कुठल्या बंगल्यातलं सामान मोडीत निघालं की तो यांच्यासाठी कागद बाजूला काढून ठेवायचा. जे हयात होते, निवृत्त होऊन कुठेतरी गुलाब लावत बसले होते, त्यांना काका स्वतः पत्र लिहायचे. मी तेव्हा टायपिंगच्या क्लासला जात होते. रविवारी काका मागे हात बांधून येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे आणि मी भाड्यानं आणलेल्या मशीनवर तो बडवायची. रिबिनीची जांभळी शाई दोन दिवस बोटांवरून जायची नाही. मजकूर नेहमी एकच. आपली कारकीर्द मी वाचली आहे, आपण सही केलेलं छायाचित्र पाठवाल तर आभारी होईन, आणि आपण कधी पुण्यात आला होतात का?

मग वाट पाहणं. कधी दोन महिने, कधी सहा. निळ्या-लाल कडेचं पाकीट आलं की पोस्टमन खालूनच हाक मारायचा आणि पहिल्या मजल्यावरचे लेले जिन्यात डोकावून विचारायचे, “काय हो, राणीचं बोलावणं आलं का?”

“आलंय,” काका म्हणायचे. “तुम्हालाही घेऊन या म्हणताहेत, पण तुम्ही दुपारची झोप सोडाल का, ते विचारलंय.”

पाकीट काका कधी फाडायचे नाहीत. किटलीच्या वाफेवर धरून डिंक सुटला की अलगद उघडायचे. आतला फोटो उजेडात धरून मला सही दाखवायचे. बऱ्याच सह्या रबरी शिक्क्याच्या असायच्या, काही सेक्रेटरीनं गिरवलेल्या. “खऱ्या सहीत हात कुठेतरी अडतो,” ते म्हणायचे. “इथे बघ, दम घेतलाय माणसानं.” पत्रांत मोठं काहीच नसायचं, याचं मला तेव्हा फार नवल वाटे. ज्याच्या एका शब्दावर आरमार हललं असं पुस्तकात लिहिलंय, तो माणूस पत्रात पेअर फळांच्या टोपलीबद्दल कुणाचे तरी आभार मानत असायचा. दुसऱ्याला सर्दी झालेली असायची, म्हणून तो जेवायला येऊ शकत नव्हता.

आजोबा या सगळ्याकडे पाठ करून बसत. ते बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. मॅट्रिकला इंग्रजीत पहिले आले होते म्हणे, पण तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी इंग्रजीचा एक शब्द तोंडातून काढला नाही. रिक्षाच्या मीटरलासुद्धा ते ‘ते यंत्र’ म्हणत. डबे उन्हात मांडायचा दिवस आला की त्यांची आरामखुर्ची भिंतीकडे वळायची.

“सायबांना ऊन लागेल हो,” ते भिंतीला सांगायचे. “छत्री धर म्हणावं कुणीतरी.”

काका उत्तर द्यायचे नाहीत. कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. त्या घरात भांडण खुंटीवरच्या कोटासारखं होतं, वर्षानुवर्षं तिथेच, कुणी काढत नव्हतं आणि कुणी घालतही नव्हतं.

पण एकदा दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. काका ऑफिसात होते. गॅलरीत सतरंजीवर सगळे फोटो तसेच पडलेले, आणि त्यांच्यामध्ये आजोबा उकिडवे बसले होते. हातात पंचांग वाचायचं भिंग. एका पत्रावर वाकून ते तळाची सही बघत होते. बघून झालं की पुढचं पत्र. मजकूर वाचत नव्हते, नुसत्या सह्या. माझी चाहूल लागताच भिंग खिशात गेलं.

“वाऱ्यानं उडत होते,” ते म्हणाले. “म्हणून धरून बसलो.”

मला मनातून बरं वाटलं. आजोबांना आता गोडी लागतेय, असं मी समजले. काकांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षी थंडीत एक पत्र आलं ते नेहमीसारखं नव्हतं. पाच पानं, सगळी हातानं लिहिलेली, अक्षर म्हातारपणानं कापणारं. हे गृहस्थ पार्लमेंटात बरीच वर्षं होते, थोडे दिवस धाकटे मंत्रीही. त्यांनी लिहिलं होतं की राजकारणात यायच्या आधी, तरुणपणी, ते आपल्याच भागात सरकारी अंमलदार होते. खडकवासल्याच्या पाण्यावर पहाटे बदकं उतरायची, ती अजून उतरतात का? त्यांच्या भावाची कबर इकडेच कुठेतरी होती. ती एकदा बघायला याच हिवाळ्यात मुलीबरोबर येणार होते, आणि तुमची हरकत नसेल तर तुमच्या घरी चहाला येईन, असं शेवटी होतं.

काकांनी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मग आजोबांच्या खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले.

“अप्पा, एक साहेब घरी येतो म्हणतायत. इथेच अंमलदार होते. बेचाळीसलासुद्धा.”

टकळी थांबली. आजोबांनी धागा तोडला नाही, तसाच हातात धरून ठेवला.

“येऊ दे,” ते म्हणाले.

तेवढंच. पण पुढचे दिवस घरात काही वेगळंच होतं. काकांनी भिंतींना चुना दिला. लेल्यांकडून सहा कपबशा आणल्या, लेल्यांनी बायकोच्या माहेरच्या आहेत, जपा, असं बजावून दिल्या. मी चिवडा केला. जिन्याचा कठडा डुगडुगत होता, तो काकांनी स्वतः दोरीनं आवळून बांधला. आजोबांनी मात्र आपलं खादीचं धोतर खळ घालून कडक केलं आणि दाढी करायला न्हाव्याला घरी बोलावलं. ते त्यांनी कुणाच्याही लग्नात केलं नव्हतं.

साहेब आले तेव्हा जिना चढायला त्यांना फार वेळ लागला. उंच, वाकलेले, अंगात जाड कोट, हाताच्या पाठीवर तपकिरी डाग. मुलगी पन्नाशीची, वडिलांचा दंड धरून एकेक पायरी मोजून त्यांना आणत होती. दारात त्यांनी हॅट काढली आणि हात जोडले. “नमस्कार,” ते म्हणाले. मग काकांकडे बघून इंग्रजीत म्हणाले की एके काळी मराठीची परीक्षा दिली होती, आता सगळं गेलं.

आजोबा उठून उभे राहिले. दोघं म्हातारे समोरासमोर बसले. मधे लेल्यांच्या कपबशा. खालचं यंत्र खटखटत होतं आणि बशांमध्ये कप हलकेच किणकिणत होते. काका डबे उघडून दाखवू लागले. साहेब एकेक फोटो हातात घ्यायचे, हसायचे. हा फार घोरायचा, याला कुत्री फार आवडायची, याच्याशी मी सहा वर्षं बोललो नाही. ज्यांना आम्ही वर्षभर डब्यांत बंद ठेवत होतो, त्यांतले कितीतरी त्यांच्या ओळखीचे निघत होते. काकांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

आजोबा म्हणाले, “त्यांना एक सही करायला सांग.”

काका क्षणभर बघतच राहिले. मग घाईघाईनं म्हणाले, “हो हो, अप्पा. फोटोवर करतीलच ते.”

“फोटोवर नको. कोऱ्या कागदावर. त्या वेळी कामाच्या कागदांवर करायचे, तशी.”

काकांनी इंग्रजीत सांगितलं. माझ्या वहीतलं पान मी फाडून दिलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि एका दमात सही केली. आजोबांनी कागद घेतला. भिंग काढलं. काका अजून हसत होते. आजोबा सहीकडे बघत राहिले, कागद लांब धरला, पुन्हा जवळ आणला. साहेबांच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, पण मलाही काही ठाऊक नव्हतं.

“नाही,” आजोबा शेवटी म्हणाले. “ही नव्हे.”

“काय नव्हे, अप्पा?”

“मी आत असताना शरयू तापानं पडली होती. भेटीला सोडा म्हणून अर्ज केला. नामंजूर होऊन परत आला. खाली सही होती, नाव वाचता येत नव्हतं. सांग त्यांना.”

शरयू कोण, हे मला तोवर माहीत नव्हतं. काकांच्या तोंडावरचा रंग गेला. ते खाली बघत, शब्द शोधत, इंग्रजीत काहीतरी अर्धवट म्हणाले. आजोबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आणि मग त्या माणसानं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, इंग्रजीत सांगितलं. सावकाश, व्याकरणात कुठेही न चुकता. माझी थोरली मुलगी बारा वर्षांची होती. मला तिची राखसुद्धा मिळाली नाही. ती सही तुमची होती का, एवढंच मला बघायचं होतं.

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “मला सांगता येणार नाही. कागद गठ्ठ्यानं यायचे. मी सह्या करायचो. नावं वाचत नव्हतो.”

त्यांनी माफी मागितली नाही. आता वाटतं, मागितली असती तर आजोबा उठून आतल्या खोलीत गेले असते. ते फक्त थोडे पुढे वाकले आणि मराठीत त्यांनी एक प्रश्न विचारला. गावोगाव घोड्यावर फिरताना माणसाला विचारायचा तेवढाच प्रश्न त्यांना अजून नीट येत होता.

“नाव काय?”

“शरयू,” आजोबा म्हणाले.

“शारायू.”

“शारायू नाही. श-र-यू.”

“शरायू.”

“श. र. यू,” आजोबा शाळेतल्या मास्तरांसारखं म्हणाले. साहेबांनी ओठ जुळवले, डोळे मिटले, पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. आजोबांनी पुन्हा सांगितलं. काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले होते, पाठ आमच्याकडे. शेवटी तो उच्चार बरोबर आला. ‘शरयू’ त्या खोलीत स्वच्छ ऐकू आलं.

“हं,” आजोबा म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, “चहा गार झाला असेल. दुसरा टाक.”

दुसरा चहा सगळ्यांनी संपवला. जाताना साहेबांना जिना उतरवायला आजोबा स्वतः तळमजल्यापर्यंत गेले. एका बाजूला साहेबांची मुलगी, दुसऱ्या बाजूला ते. लेले दारात उभे होते, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली.

संध्याकाळी काका फिरायला म्हणून गेले ते लवकर परतले नाहीत. दिवेलागणीला मी गॅलरीत आजोबांच्या शेजारी बसले. पाखरं झाडांवर जमत होती, त्यांचा कलकलाट नदीकडून येत होता. मी धीर करून विचारलं, “आजोबा, खरंच ती सही नव्हती?”

त्यांनी खिशातलं भिंग काढून मांडीवर ठेवलं.

“ती सही मला आता आठवत नाही गं,” ते म्हणाले. “तुरुंगात रोज डोळ्यांसमोर यायची. बाहेर आल्यावरही यायची. वाटायचं, जन्मात कधीही दिसली तरी ओळखीन. मध्येच केव्हा पुसली गेली ते कळलं नाही. याच्या या कागदांत शोधत होतो, कुठली तरी बघून आठवेल म्हणून. आज तो माणूस समोर बसला होता आणि माझ्याकडे ताडून बघायला काही उरलंच नव्हतं.”

“मग तुम्ही ‘नाही’ का म्हणालात?”

“हो म्हणायला खात्री लागते,” आजोबा म्हणाले. “नाही म्हणायला घरात आलेला म्हातारा माणूस पुरतो.”

त्यानंतर दोन वर्षांनी आजोबा गेले. विलायतेहून साहेबांच्या मुलीचं, ते गेल्याचं कळवणारं काळ्या कडेचं कार्ड त्याआधीच आलं होतं. काकांचा नाद सुटला नाही. पत्रं जात राहिली, फोटो येत राहिले. पण पत्रातला तो शेवटचा प्रश्न, पुण्यात कधी आला होतात का, तो त्यांनी मला पुन्हा टाइप करायला सांगितला नाही. आजोबा मला गॅलरीत काय म्हणाले ते मी काकांना सांगितलं, पण खूप नंतर, त्यांची नोकरी संपल्यावर. ते ऐकून त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला. शनिवार पेठेतली ती इमारत पुढे पाडली. छापखाना गेला, लेले मुलाकडे गेले. काकांना आणि डब्यांना मी इकडे वाघोलीला आणलं.

आज फोटो मांडताना शेजारची सई कॉफीचा मग घेऊन गॅलरीच्या जाळीपाशी आली. आयटीत आहे, घरूनच काम करते.

“काकू, हे सगळे कोण? इतके सीरियस का दिसतायत?”

“काकांचे साहेब,” मी म्हटलं. “दर वर्षी ऊन खायला येतात.”

ती हसली, वाकून बघू लागली. “सही केलेले आहेत! वॉव. आणि तुमच्या घरच्यांचे जुने फोटो? ते पण असतील ना?”

तिची मीटिंग होती, ती गेली. मी हातातला फोटो तसाच धरून बसले.

काकांच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांना पलंगावरून उठवत नव्हतं. पलंग गॅलरीच्या दाराशी ओढून घेतला होता, म्हणजे त्यांना मांडलेले फोटो दिसावेत. ते बघत होते. मग म्हणाले, “एवढी माणसं आणली बघ घरात. अक्काचा एक फोटो नाही.”

शरयूला ते अक्का म्हणत, हे मला त्या दिवशी कळलं.

“कुणी काढलाच नाही का?”

“अप्पा आत जाताना म्हणाले होते, सुटून आलो की सगळे मिळून काढू. स्टुडिओत जाऊन.”

मी त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली. विचारलं, “दिसायची कशी?”

त्यांनी डोळे मिटले.

“उंच होती,” ते म्हणाले. “पण मी सहा वर्षांचा. मला सगळेच उंच.” मग थांबून, “मला शाळेच्या फाटकाशी सोडायची आणि जायची. मागे वळून बघायची नाही. बघितलं की मी रडायचो ना, म्हणून. त्यामुळे चेहरा काही राहिला नाही माझ्याकडे. पाठ आठवते. दोन वेण्या, आणि चालताना त्या अशा हलायच्या.”

पांघरुणावर त्यांनी दोन बोटं हलवून दाखवली.